शाळेत चित्रकला स्पर्धा कशी भरवायची, आणि तिच्या जोरावर चित्रकलेचा तास परत कसा मिळवायचा

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतोच, आमच्याकडे शुक्रवारी शेवटचा आणि शनिवारी सकाळच्या शाळेत परत शेवटचा. आता तो होतो का हे विचारू नका. गणिताचा पोर्शन राहिलाय म्हणून गणिताचे सर घेतात, कधी गॅदरिंगची प्रॅक्टिस, कधी वर्गशिक्षकांना कसलीतरी माहिती ऑनलाइन भरायची असते मग पोरांना शुद्धलेखन देऊन ते ऑफिसात. माझी मुलगी चौथीत असताना मी एकदा सहज म्हटलं चित्रकलेची वही दाखव गं, तर पहिल्या पानावर कमळ, त्याला तारीख जूनची, आणि पुढची सगळी पानं कोरी. ऑगस्ट संपत आला होता.

मी एटीडी (चित्रकला शिक्षकांचा डिप्लोमा) केलेली बाई. लग्नाआधी सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवायचे, मग ते सुटलं, आता तालुक्याला आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे आणि गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत (पहिली ते आठवी) मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. गेली तीन वर्षं आम्ही शाळेत स्पर्धा भरवतोय. पहिल्या वर्षी काय झालं तर एक-दोन-तीन नंबर, ट्रॉफ्या, पाहुण्यांचं भाषण, व्हॉट्सअॅपवर फोटो, आणि पुढच्या शुक्रवारी परत चित्रकलेच्या तासाला गणित. दुसऱ्या वर्षी ठरवलं की स्पर्धा हे निमित्त धरायचं, आपल्याला तास हवाय. एकदा हे ठरलं की मग विषय काय द्यायचा, परीक्षक कोण, चित्रं कुठे लावायची हे सगळंच बदलतं. तेच इथे सांगतेय. तुमची शाळा खासगी असो की झेडपीची, थोडा फरक करून चालेल.

आधी तास मोजा

स्पर्धेच्या तीन-चार महिने आधीपासून फक्त एक करायचं. वेगवेगळ्या वर्गातली दोन मुलं आणि त्यांच्या आया धरायच्या आणि एका छोट्या डायरीत लिहायचं की आज चित्रकलेचा तास होता, झाला का, नाही तर त्या वेळात काय झालं. कुणाशी भांडायचं नाही, शाळेत जाऊन जाब तर अजिबात विचारायचा नाही, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ती मुलं टार्गेट होतात. आम्ही सप्टेंबर ते डिसेंबर मोजलं. सातवीला दिवाळीची सुट्टी वगळून २४ तास होते, झाले ५. त्यातला एक म्हणजे बाई आजारी होत्या म्हणून "काहीतरी काढत बसा".

हा आकडा खिशात ठेवून द्यायचा. तो आत्ता काढायचा नाही.

तारीख ठरवताना २६ जानेवारी धरा आणि उलटे मोजत या

झेडपीच्या शाळेत झेंडावंदनाला अख्खं गाव येतं, सरपंच येतात, ग्रामपंचायतीचे सदस्य येतात, एरवी शाळेची पायरी न चढणारे बापसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून येतात. शिवाय त्याच दिवशी ग्रामसभाही असते. प्रदर्शनासाठी याच्याइतका चांगला दिवस नाही. शहरातल्या शाळेत हेच काम गॅदरिंगच्या दिवशी होतं, पालक नाच बघायला लवकर येऊन जागा धरून बसलेले असतात, त्यांना तासभर करायला काहीच नसतं.

म्हणजे स्पर्धा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मधले दिवस परीक्षण आणि चित्रं चिकटवायला. सप्टेंबर-ऑक्टोबर टाळा कारण तेव्हा सहसा एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकलेच्या परीक्षा असतात, आणि ज्या शाळेत चित्रकलेचे सर असतील ते तेव्हा पार बुडालेले असतात. हेडसरांना भेटायला जाल तेव्हा एका कागदावर तारीख, वेळ, किती मुलं, खर्च कोण करणार एवढंच लिहून न्या. "शाळेला एक रुपया खर्च नाही आणि शिक्षकांवर काम नाही" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. आमचे हेडसर त्याच वाक्यावर हो म्हणाले, पुढचं त्यांनी वाचलंही नाही.

विषय असे द्या की यूट्यूबवर सापडणार नाहीत

मला विचाराल तर अर्धी स्पर्धा इथेच जिंकली नाहीतर हरली जाते. "पर्यावरण वाचवा", "स्वच्छ भारत", "माझा देश" असे विषय दिले की काय येतं ते सगळ्यांना माहितीये. हातावर पृथ्वी, पृथ्वीला डोळे, डोळ्यात पाणी, एका बाजूला हिरवं झाड आणि दुसऱ्या बाजूला धूर. शंभर चित्रं आणि सगळी एकच. आणि विषयच नाही दिला, "काहीही काढा" म्हटलं, तर दोन डोंगर, मध्ये सूर्य, नदी, झोपडी, नारळ. पोरांची चूक नाही हो, त्यांना तेच दाखवलेलं असतं, आपणही तेच काढायचो.

विषय त्यांच्या रोजच्या बघण्यातला आणि अगदी नेमका हवा. आम्ही दिलेले काही सांगते. पहिली-दुसरीला "माझ्या घरात झोपताना कोण कुठे झोपतं". तिसरी-चौथीला "टँकर आला तेव्हा" (आमच्याकडे मार्चपासून टँकर सुरू होतो त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही). पाचवी ते सातवीला "पावसात घरात वाळत घातलेले कपडे" किंवा "एसटीच्या खिडकीतून". आठवीला आम्ही समोर वस्तू मांडून दिल्या, एक चहाची किटली, दोन कांदे, अर्धवट गुंडाळलेलं पोतं, आणि म्हटलं दिसतंय तसं काढा. तुमच्याकडे कोकणात असाल तर होडी रंगवताना, मुंबईत असाल तर चाळीचा जिना नाहीतर लोकलचा दरवाजा, पुण्यात काय ते पुणेकरांनी ठरवावं.

आणि विषय आधी जाहीर करायचे नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही आठ दिवस आधी सांगितले आणि एका मुलाने तर घरी काकाने काढून दिलेलं चित्र पाठ करून आणलं होतं, म्हणजे खरंच पाठ, कुठली रेघ आधी आणि कुठली नंतर ते बोटांवर मोजत होता.

सामान आणि नियम

कागद आपण द्यायचा. पूर्ण इम्पिरियल शीट २२ बाय ३० इंचाची येते, तिचे चार तुकडे केले की ११ बाय १५ चा पाव इम्पिरियल मिळतो, पोरांना तोच बरोबर बसतो. १२० मुलं असतील तर ३० शीट लागतात, ३५ घ्या, कागद फाटतो, पाणी सांडतं, एखादं पोर रडून दुसरा मागतं. कार्ट्रिज पेपर घ्या, झेरॉक्सचा कागद देऊ नका, त्यावर खडू घासला की गुळगुळीत होतो आणि रंग धरत नाही (झेरॉक्सचं दुकान असलेली बाई सांगतेय). वॉटर कलर असेल तर २०० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते) खाली जाऊ नका, कागद पापडासारखा वळतो.

प्रत्येक कागदाच्या मागे शाळेचा शिक्का आणि नंबर. नाव कुठेही नाही. नंबर आणि नावाची यादी वेगळी, ती एकाच माणसाकडे, आणि तो माणूस परीक्षक नसावा.

रंगांचं मात्र नीट ऐका. घरून रंग आणायला सांगितलं की डॉक्टरांची मुलगी ४८ रंगांची पेटी घेऊन येते आणि शेजारी ऊसतोड कामगाराचं पोर तीन तुटके खडू घेऊन बसतं, ते चित्र काढायच्या आधीच हरलेलं असतं. म्हणून चार-चार मुलांचा गोल करायचा आणि मध्ये १२ रंगांची तेलखडूची एक पेटी. घरचे रंग दप्तरात. भांडणं होतात, "बाई हा काळा सोडतच नाही", होऊ द्या. काळा संपतोच, त्यामुळे काळे खडू सुटे जास्त आणून ठेवा. पाण्याच्या रंगाच्या भानगडीत पाचवीच्या खालच्या मुलांना घालू नका, नळ एक आणि पाण्याचे मग चाळीस.

खोडरबर चौथीपर्यंत बंद. हे वाचून काही शिक्षक रागावतील. पण खोडरबर असला की पोरं निम्म्याहून जास्त वेळ एकच डोकं गोल येत नाही म्हणून खोडत बसतात, कागदाला भोक पडतं. नसला की चुकलेल्या रेघेचं काहीतरी करतात, त्याला शेपूट जोडतात, त्याचं कुत्रं करतात.

वेळ लहानांना सव्वा तास, मोठ्यांना दोन. मोबाइल बंद, पालक गेटच्या बाहेर. हा नियम सगळ्यात कठीण. गेटवर असा माणूस उभा करा ज्याला गावात कुणी उलट बोलत नाही, आम्ही निवृत्त पोस्टमन काकांना केलं.

प्रत्यक्ष दिवशी

मुलांना जमिनीवर सतरंजीवर बसवा, परीक्षेचा पॅड मांडीवर. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच होत नाही, पोरं इकडेतिकडे बघतात, शेजारच्याचं बघतात, आणि इथेच आपल्या मदतनीस मंडळींचा हात शिवशिवतो. "बाळा आकाश निळं कर ना", "अरे माणसाला मान नाही काढलीस". त्यांना आधीच बजावून ठेवा की फक्त कागद, खडू आणि पाणी द्यायचं, तोंड उघडायचं ते "दहा मिनिटं राहिली" एवढंच सांगायला.

आणि एक गोष्ट आवर्जून करा. चित्र झालं की कागदाच्या मागे मुलाने एक-दोन ओळी लिहायच्या, या चित्रात काय चाललंय. पहिली-दुसरीच्या मुलांचं आपण लिहून घ्यायचं, ते बोलतील तसंच, भाषा सुधारायची नाही. आमच्याकडे दुसरीतल्या एका पोराच्या चित्रात आडवी माणसं पाच आणि एक कोपऱ्यात उभं, मागे लिहून घेतलं, "पप्पा रातपाळीला गेल्यावर त्यांच्या जागेवर मी झोपतो, ते आल्यावर मी उठतो." या ओळी पुढे प्रदर्शनात चित्राखाली लावायच्यात. पालक चित्रासमोर दोन सेकंद थांबतो, पण ओळ वाचायला थांबलेला माणूस परत वर चित्राकडे बघतो, हे मी दारात उभं राहून पाहिलंय.

परीक्षक कोण आणि त्यांनी बघायचं काय

तीन माणसं पुरे. एक चित्रकला शिकवणारं, दुसऱ्या शाळेतलं. एक हातानं काम करणारं, आमच्याकडे गणपती करणारे मूर्तिकार आले, तुमच्याकडे बोर्ड रंगवणारे पेंटर असतील, डहाणू-जव्हारकडे वारली काढणारी माणसं आहेत, कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथीवाली (चित्रं दाखवत गोष्ट सांगणारी) घराणी आहेत. तिसरं कुणीही समजूतदार. स्पॉन्सर नको, नेता नको, आणि ज्याचं पोर स्पर्धेत आहे तो तर नकोच.

सगळी चित्रं जमिनीवर मांडा, गटवार. पहिली फेरी न बोलता. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने दहा-दहा नंबर लिहायचे, तिसऱ्या फेरीत बोलायचं. बघायचं काय तर मुलाने स्वतः बघितलंय का, कागद वापरलाय का की कोपऱ्यात चिमणीएवढं काढून सोडलंय, आणि अडचण आली तिथे काय केलं. स्वच्छता, रेघेबाहेर रंग न जाणं वगैरे याला मी तरी शून्य मार्क देते.

दुसऱ्या वर्षीचं एक सांगते. तिसरीतल्या एका मुलीचं टँकरचं चित्र होतं. कागदभर नुसते पाय. साड्यांचे काठ, एका बाईच्या पायात पुरुषी चप्पल, मध्ये हंडे, कळश्या, एक निळा कॅन, खाली ओल आणि त्या ओलीत झोपलेलं कुत्रं. वर कंबरेपाशी कागद संपला. आमच्यातले एक परीक्षक म्हणाले, चांगलंय पण अपुरं आहे, डोकी कुठायत, बाद करा. मूर्तिकार दादा मात्र गुडघ्यावर बसले, अगदी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, सर तुम्ही जरा इथे खाली बसून बघा, तिला रांगेत हेच दिसत असणार. नंतर मी त्या मुलीला विचारलं की वरची माणसं का नाही काढलीस, तर म्हणाली, "कागद संपला." दादांचं बरोबर की तिचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चित्र निवडलं.

परीक्षकांना हेही सांगून ठेवा की सहा-सात वर्षांची मुलं घराची भिंत असूनही आतली माणसं दाखवतात, आवडती आजी झाडाएवढी काढतात, जमीन म्हणजे कागदाच्या तळाशी एक रेघ. ती चूक नाही, त्या वयात सगळीकडची मुलं असंच काढतात. गडबड पुढे होते, नऊ-दहा वर्षांनंतर. तेव्हा मुलाला चित्र "खरं" दिसायला हवं असतं आणि हाताला ते येत नसतं, मग पाचवी-सहावीत ती एकेक करून म्हणायला लागतात की मला चित्रकला येत नाही, आणि बहुतेकांची चित्रकला तिथेच संपते. म्हणजे ज्या वर्षांत दाखवणारं माणूस सगळ्यात जास्त हवं त्याच वर्षांत तासाला गणित चालू. हे लक्षात ठेवा, पुढे अर्जात कामाला येतं.

बक्षिसं

एक-दोन-तीन नंबर शक्यतो नकोत. प्रत्येक गटातली पाच-सहा चित्रं "निवडक" म्हणायची आणि त्या मुलांना वस्तू द्यायची, चांगला ब्रश, स्केचबुक, तेलखडू. ट्रॉफीच्या पैशात दोन ब्रश येतात. हेडसर आणि पालक नंबरासाठी हटून बसतात, आम्ही तिसऱ्या वर्षी मोठ्या गटापुरतं मान्य केलं, सगळ्याच गोष्टींवर भांडता येत नाही.

याच्यातच बाहेरच्या स्पर्धांचं सांगून टाकते कारण दुकानात रोज कुणीतरी फॉर्म भरायला येतं. "राष्ट्रीय" नाव, प्रत्येकी फी, शाळेने किमान अमुक मुलं दिली की मुख्याध्यापकांना सन्मानपत्र आणि मुलांना ढिगाने गोल्ड मेडल, असं काही दिसलं की तो धंदा समजायचा. चित्र परत मिळत नाही, कुणी बघितलं तेही कळत नाही. चांगल्याही आहेत. दिल्लीची शंकर्स आंतरराष्ट्रीय बालचित्र स्पर्धा १९४९ पासून आहे, व्यंगचित्रकार शंकर पिल्लई यांनी सुरू केलेली. केंद्र सरकारचा कला उत्सव २०१५ पासून होतो, नववी ते बारावीच्या मुलांसाठी, त्यात चित्र-शिल्पही असतं, आणि माध्यमिक शाळांना तो माहीत असूनही पुष्कळ ठिकाणी फक्त नाच-गाण्याची मुलं पाठवली जातात. हे शाळेत जाऊन विचारा.

प्रदर्शन

सगळी चित्रं लावायची. निवडक नव्हे, सगळी. आपल्या पोराचं चित्र आहे म्हटल्यावर आई-बाप येणार, आणि आपल्याला गर्दी हवीय. व्हरांड्यात खांबाखांबाला सुतळी बांधा, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, खिळे-सेलोटेप काही नको, भिंतीचा रंग निघाला की पुढच्या वर्षी परवानगी नाही. एक दोरी मोठ्यांच्या नजरेला आणि एक खाली, मुलांच्या नजरेला. निवडक चित्रांना मागे काळा कार्डशीट लावा, एवढ्यानेच चित्र उठतं. प्रत्येकाखाली ती मुलाची ओळ.

मुलांना आपापल्या चित्राजवळ उभं करा, वीस मिनिटं तरी. सरपंच जेव्हा खाली वाकून एका पोराला विचारतात की हे काय काढलंय आणि पोर धडाधड सांगायला लागतं, तेव्हा आपल्याला वेगळं भाषण करावं लागत नाही.

बाहेर पडायच्या वाटेवर एक टेबल. त्यावर अभिप्रायाची वही, आणि शेजारी आपला अर्ज. आणि त्या टेबलामागे भिंतीवर फक्त एक कागद, मोठ्या अक्षरात: "इयत्ता सातवी, सप्टेंबर ते डिसेंबर, चित्रकलेचे तास २४, झालेले ५." हा तो खिशातला आकडा. हेडसरांना एक दिवस आधी दाखवून ठेवा, अचानक दाखवलात तर त्यांचा अपमान होतो आणि ते कायमचे विरोधात जातात. आमचे हेडसर आधी गप्प बसले, मग म्हणाले, "मॅडम, खाली एक ओळ टाका की शाळेला कला शिक्षक नाही." टाकली. त्यामुळे तो कागद शाळेच्या विरोधात न राहता शाळेच्या बाजूचा झाला, आणि हे मला सुचलं नव्हतं.

अर्ज कसा करायचा

एकच पान. मागण्या तीनच, दहा मागितल्या की एकही होत नाही. आमचा साधारण असा होता:

"प्रति, मा. अध्यक्ष व सचिव, शाळा व्यवस्थापन समिती. विषय: चित्रकलेच्या तासिकांबाबत. (१) वेळापत्रकातील चित्रकलेच्या तासिका शेवटच्या न ठेवता मधल्या वेळेत ठेवाव्यात व त्या दुसऱ्या विषयाला देऊ नयेत. (२) शाळा विकास आराखड्यात कला साहित्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. (३) सहावी ते आठवीची पटसंख्या १०० च्या वर असल्याने कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळावा म्हणून वरिष्ठ कार्यालयाकडे मागणी करावी. सोबत पालकांच्या सह्या."

अंशकालीन निदेशक म्हणजे ठरावीक तासांपुरता शिकवायला येणारा शिक्षक. ही तिसरी मागणी हवेतली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीत १०० च्या वर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या तिन्हींसाठी अंशकालीन निदेशक हवेत. म्हणजे नेमक्या त्याच इयत्ता, जिथे पोरं चित्र सोडतात. दुसऱ्या मागणीलाही आधार आहे, शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असं त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे, आणि कलम २१ प्रमाणे समितीत ७५ टक्के पालक असतात, म्हणजे तुम्ही-आम्हीच बहुमतात, फक्त बैठकीला जायला हवं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कला "अवांतर" मानू नये असं म्हटलंय, ते एका ओळीत टाकलं तरी चालेल, धोरणाच्या ओळींनी अधिकारी फार हलत नाहीत असा माझा अनुभव, कायद्याच्या कलमाने जरा हलतात. विनाअनुदानित खासगी शाळेत ही समिती नसते, तिथे पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय घ्या आणि पहिल्या मागणीवरच जोर द्या.

सह्या घेतल्या की थेट वर पळू नका. समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत विषय घ्यायला लावा, ठराव करा, सूचक-अनुमोदक लिहा, आणि इतिवृत्तात तो खरंच लिहिला गेलाय का ते तिथल्या तिथे वाचून मग सही करा. मग ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आवक नंबर घेऊन. तोंडी झालेलं काहीच झालेलं नसतं. ग्रामसभेत वेगळा अर्ज द्यायचा, फक्त साहित्यासाठी, कारण शिक्षक देणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही पण कागद-रंग आणि एक कपाट देणं आहे.

महिना-दोन महिने काही हललं नाही तर माहितीचा अधिकार. साधा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत असा नियम आहे, तिथे रागारागात गोष्ट लिहीत बसाल तर अर्ज परत येईल. एवढंच विचारा: गेल्या दोन वर्षांच्या संचमान्यतेची (पटसंख्येवरून शाळेला किती शिक्षक मंजूर आहेत त्या कागदाची) प्रत, सहावी ते आठवीची पटसंख्या, आणि कला निदेशकाबाबत झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती.

पालक विचारतील, "याचा मार्कांना उपयोग काय?"

विचारणारच. उत्तर तयार ठेवा. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या ग्रेडवर दहावीला वाढीव मार्क मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३. त्या परीक्षेत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असतं, आणि शाळेत तासच होत नसेल तर पोरगं बाहेर क्लास लावून तिथे बसणार, म्हणजे ज्याच्याकडे फीचे पैसे त्यालाच मार्क. हा मुद्दा मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त चालतो, बाप लोक सरसावून बसतात. मला स्वतःला हे आमिष फारसं आवडत नाही, सात मार्कांसाठी किटली काढणारं पोर दहावीनंतर किटलीकडे बघत नाही. पण मी ते वापरते.

तात्पुरतं म्हणून लिहून घ्या

आमचं पुढे काय झालं ते सांगते. पहिली मागणी लगेच मान्य झाली, शुक्रवारचा शेवटचा तास मंगळवारी तिसरा झाला, तिथे गणितवाल्यांना शिरता येत नाही कारण त्यांचा त्या वेळी दुसरा वर्ग असतो. शनिवारचा अजून जातो. ग्रामपंचायतीने कपाट दिलं, कागद दिला. निदेशकाचा अर्ज वर फिरतोय, माहिती अधिकाराच्या उत्तरात पटसंख्या १०० च्या वर आहे हे लेखी आलंय, तेवढं हातात आहे.

तोवर मंगळवारी मीच जाऊन सातवीचा तास घेते, फुकट. आणि इथे सावध राहा. फुकट शिकवणारी बाई मिळाली की वर कळवलं जातं की शाळेत कलेची सोय आहे, मग निदेशक कशाला. म्हणून मी पहिल्या तासाच्या आधीच ठराव करून घेतला की ही व्यवस्था तात्पुरती आहे, निदेशक मिळेपर्यंतच, आणि दर तीन महिन्यांनी तो विषय बैठकीत परत येतो. हेडसर हसतात, "मॅडम, तुम्ही स्वतःला काढायचा ठराव दर वेळी आणता." मी म्हणते, सर, सूचक कोण ते लिहा.

शेवटचं काम, चित्रं परत देणं. प्रदर्शन झालं की गठ्ठा बांधून कपाटावर टाकायचा आणि तो पावसाळ्यात वाळवीने खायचा, असं करू नका. मोबाइलवर दिवसाच्या उजेडात प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी वर्गणी मागायला लागतो, आणि मूळ चित्र मुलाला. आठवडाभरात द्या, नाहीतर राहतंच. दुसऱ्या वर्षीची दोन चित्रं अजून माझ्याकडे पडून आहेत, एक एसटीच्या खिडकीचं आणि एक वाळत घातलेल्या कपड्यांचं, मागे नंबर आहे ४१ आणि ८७, पण नावांची यादी हरवली आणि झेरॉक्सचं दुकान असून तिची झेरॉक्स काढून ठेवायचं मला सुचलं नाही. या वर्षी दोन काढल्यात, एक हेडसरांकडे आणि एक पोस्टमन काकांकडे.